बोली, दर आणि टोकन : तीन केंद्रांच्या डेटाबेसवरच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

आजपासून कामाला रीतसर सुरुवात. संस्थेची तीन केंद्रं, तिन्हीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस. पावसाच्या महसूल मंडळनिहाय नोंदी पुण्यात. विहिरींच्या पाणीपातळीचं टेबल पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरला, दोन्हीकडे. उपग्रह चित्रांवरून काढलेले पीकक्षेत्राचे आकडे नागपूरला. सोमवारी सकाळी साप्ताहिक अहवालांचे जॉब सुटतात तेव्हा पुण्याच्या सर्व्हरची दमछाक होते. त्याच वेळी नागपूरचा सर्व्हर जवळपास रिकामा असतो.

यावर सगळ्यांना आधी सुचतं ते एकच: मध्ये एक शेड्युलर बसवा, तो कामं वाटेल. ही चर्चा मागेही झाली आणि बारगळली. ती तांत्रिक कारणाने बारगळली नाही. प्रत्येक केंद्राचा निधी वेगळा, सर्व्हर सांभाळणारा माणूस वेगळा. नागपूरच्या मॅडमनी बैठकीत सरळ विचारलं होतं, "आमच्या मशीनवर काय चालायचं ते पुण्यातून ठरणार असेल, तर आमच्या कामाच्या वेळी आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

प्रश्न रास्त आहे. कुणी कुणाला हुकूम न सोडता काम वाटलं गेलं पाहिजे, आणि "आत्ता जमणार नाही" म्हणायचा हक्क प्रत्येक केंद्राकडे राहिला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक केंद्राने आपला दर आपण सांगायचा आणि काम त्या दरावर फिरवायचं, अशी ही कल्पना. कागदावर ती नवी नाही. प्रत्यक्षात चालवून पाहिलेली फार थोडी उदाहरणं आहेत, म्हणून आधी वाचन.

११ जुलै

मारिपोसाचा शोधनिबंध दोन बैठकांत वाचून काढला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बांधलेला वितरित डेटाबेस. सविस्तर मांडणी व्हीएलडीबी जर्नलमध्ये १९९६ साली आली. बांधणी पोस्टग्रेसच्याच पायावर, म्हणजे आपण आज जे वापरतो त्याच्या थेट पूर्वजावर.

त्यामागची परिस्थिती वाचताना मान हलत होती. सेक्वोया २००० नावाच्या प्रकल्पात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वेगवेगळ्या कॅम्पसवरचे हवामान आणि पर्यावरणाचे अभ्यासक होते. प्रत्येकाचा डेटा आपापल्या मशीनवर, मशीनचा मालक वेगळा, आणि प्रश्न मात्र सगळ्यांच्या डेटाला एकत्र छेदणारे. आपली गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

निबंधातला मुद्दा असा. तोवरच्या वितरित डेटाबेसांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: डेटा एकदा जिथे ठेवला तिथेच राहतो, सगळ्यांवर एकच प्रशासन असतं, आणि सगळी मशीन व जाळी साधारण सारखीच असतात. लोकल नेटवर्कवर हे खपून जातं. दूरदूरच्या, वेगवेगळ्या मालकीच्या मशीनवर तिन्ही गृहीतकं कोसळतात. मारिपोसाचं उद्दिष्ट दहा हजार सर्व्हरपर्यंत जाण्याचं होतं. तेवढ्या मशीनची ताजी माहिती काम कुठे आणि कसं करायचं ते ठरवणाऱ्या एका ऑप्टिमायझरच्या डोक्यात मावणं शक्यच नाही.

त्यावरची त्यांची तोड: प्रत्येक क्वेरीबरोबर (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाबरोबर) बजेट येतं. ते बजेट म्हणजे वेळेनुसार उतरत जाणारी रेषा असते. उत्तर लवकर दिलंत तर इतके देईन, उशीर झाला तर कमी. क्वेरीचे तुकडे करून दलाल (म्हणजे एक प्रोग्रॅम) वेगवेगळ्या सर्व्हरकडून बोली मागवतो. प्रत्येक बोलीत तीन गोष्टी: किंमत, लागणारा वेळ, आणि बोली किती काळ वैध. एकूण किंमत रेषेच्या खाली बसली तर सौदा.

मला यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे की सर्व्हरला आपली अंतर्गत स्थिती कुणाला उघड करून सांगावी लागत नाही. डिस्क भरत आली आहे, उद्या बॅकअप आहे, आपल्याच केंद्राचं काम तोंडावर आहे, ही सगळी माहिती एका आकड्यात उतरते. बाहेरच्याला आकडा पुरतो.

१५ जुलै

त्याही मागचं उदाहरण सापडलं. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी हार्वर्डमधल्या पीडीपी-१ संगणकाच्या वेळेचा लिलाव कसा चालतो ते लिहून ठेवलंय. वापरणाऱ्यांना प्रकल्पाच्या महत्त्वानुसार 'येन' मिळायचे आणि ते वेळेच्या तक्त्यावर बोली लावायचे. वापरलेले येन नंतर परत मिळायचे, त्यामुळे साठेबाजीत अर्थ नव्हता. या शेवटच्या नियमावर नंतर नीट विचार करायचा आहे. खूण करून ठेवली.

१९ जुलै

एकक ठरवण्याचं काम. इथे पोस्टग्रेसने बरंच काम आधीच करून ठेवलंय. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा त्याचा प्लॅनर प्रत्येक क्वेरीचा खर्च काढतो तो स्वतःच्या काल्पनिक एककात: डेटाचं एक पान (डिस्कवरचा गठ्ठा) क्रमाने वाचणं म्हणजे १, कुठलंही मधलंच पान उचलणं म्हणजे ४, एका ओळीवर प्रक्रिया ०.०१, एका ऑपरेटरची (तुलना, बेरीज अशा क्रियेची) हाताळणी ०.००२५. हे मूळचे आकडे, बदलता येतात. म्हणजे प्रत्येक सर्व्हरकडे किंमत काढायचं यंत्र आहेच. त्याला फक्त दर जोडायचा.

ठरलं ते असं:
मूळ किंमत = प्लॅनरचा खर्च × केंद्राचा दर.
बोली = मूळ किंमत × (१ + प्रति कोअर लोड) + डेटा आणण्याचा आकार (म्हणजे शुल्क). लोड म्हणजे मशीनवरच्या कामाचा भार, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे मोजलेला.

मारिपोसात बोलीला थेट लोड ॲव्हरेजने गुणायची सोय होती. आपण त्यात १ मिळवला, कारण रिकाम्या मशीनची किंमत शून्यावर गेली तर सगळे एकदम तिच्यावर तुटून पडतील.

चलन रुपया ठेवावा अशी एक सूचना आली. मी ठाम विरोध केला आणि तो मान्य झाला. रुपया म्हटलं की एका निधीतून दुसऱ्या निधीत खरंच रक्कम वळवायची का, हा प्रश्न उभा राहतो, मग हिशेब तपासनीस, मग मंजुऱ्या. आपल्याला मशीनची उपलब्धता सांगायची आहे, निधी वळवायचा नाही. चलनाचं नाव साधं 'टोकन'. प्लॅनरच्या १,००० एककांना पुण्यात आणि नागपूरला १ टोकन. संभाजीनगरचा सर्व्हर जुना, त्यामुळे त्यांनी स्वतःहून १.५ लावला. ५० एमबी डेटा दुसऱ्या केंद्रातून ओढायचा तर १ टोकन.

२६ जुलै

पहिली बोली तिन्हीकडून आली. ही संपूर्ण लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी विचारलं की हे चालतं कसं, तर हेच दाखवता येईल.

क्वेरी: तालुकावार मान्सूनचा पाऊस आणि त्यानंतरची विहिरींची पातळी यांचा जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून काढलेलं उत्तर. पावसाची लागणारी बेरीज तिन्हीकडे आधीच कॉपी केलेली. विहिरींचं टेबल नागपूरला नाही.

बजेटची रेषा: ३० सेकंदांच्या आत उत्तर आलं तर ६० टोकन, तिथून सरळ उतरत १८० सेकंदांना २० टोकन, त्यानंतर काहीच नाही.

पुणे: प्लॅनरचा खर्च १२,०००, म्हणजे १२ टोकन. प्रति कोअर लोड २.५, म्हणून ३.५ ने गुणायचं. बोली ४२, वेळ ९५ सेकंद.

नागपूर: मूळ १२, लोड फक्त ०.२, म्हणून १४.४. पण विहिरींचा ९०० एमबी डेटा आणायचा, त्याचे १८. बोली ३२.४, वेळ १४० सेकंद.

संभाजीनगर: दर दीडपट, म्हणून मूळ १८. लोड ०.४, बोली २५.२, वेळ ११० सेकंद.

आता रेषेवर ठेवून पाहू. ९५ सेकंदांना रेषा ४२.६७ वर आहे, पुण्याची बोली ४२, जेमतेम बसते. १४० सेकंदांना रेषा ३०.६७ वर, नागपूर ३२.४ मागतंय, बाद. ११० सेकंदांना रेषा ३८.६७ वर आणि संभाजीनगर २५.२, साडेतेरा टोकनांच्या आसपास शिल्लक. काम संभाजीनगरला गेलं.

आतापर्यंत हीच क्वेरी सवयीने पुण्यालाच जायची. तिथलं मशीन वेगवान आहे हे खरं. पण सोमवारी सकाळी ते वेगवान नसतं, आणि ही गोष्ट क्वेरी लिहिणाऱ्या माणसाला माहीत असण्याचं काही कारण नाही. सगळ्यांत जुन्या मशीनने काम मिळवलं आणि ते योग्यच होतं. संभाजीनगरच्या सहकाऱ्याला लॉग पाठवला तेव्हा तो म्हणाला, "दादा, आमच्या मशीनला कुणी विचारलं हेच खूप झालं!" काम मनापासून आवडायला लागलंय.

२ ऑगस्ट

छोट्या क्वेरींचं गणित बसत नाही. एका तालुक्याचा कालचा पाऊस हवा असेल तर उत्तर मिळायला काही मिलिसेकंद लागतात आणि बोली मागवून, तपासून, सौदा कळवायला त्याच्या कितीतरी पट. मारिपोसाच्या मंडळींनी हे ओळखलं होतं. त्यांच्याकडे दोन पद्धती होत्या. एक महागडी, पूर्ण बोलीची. दुसरी थेट ऑर्डरची: ज्याला काम मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त त्याला थेट काम पाठवायचं, तो ते करून उत्तराबरोबर बिल पाठवतो. कुणाचा दर काय आहे हे कळावं म्हणून सर्व्हर आपल्या जाहिराती नेम सर्व्हरवर (कुठे काय आहे याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरवर) लावायचे. त्यांत ठरलेले दर, सवलतीचे दर, एकगठ्ठा कामाचे करार, सगळं असायचं.

आपण तेच घेतलं. प्लॅनरचा खर्च १,००० एककांच्या खाली असेल तर बोली नाही, लावलेल्या दराने थेट काम. प्रत्येक केंद्र आपला दर एका छोट्या टेबलात ठेवतं आणि ते टेबल दर दहा मिनिटांनी इतरांकडे जातं.

९ ऑगस्ट

दरपत्रकाचं टेबल तिन्हीकडे सुरळीत. नोंद घेण्यासारखं दुसरं काही नाही.

१४ ऑगस्ट

आता घेण्यासारखं आहे. थेट ऑर्डरची पद्धत सुरू केल्यापासून लोडचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा झालाय. दहा मिनिटं नागपूर भरलेलं, बाकी दोन रिकामी. मग दरपत्रक ताजं होतं, नागपूर महाग दिसतं, सगळे दलाल एकदम पुण्यावर. पुढच्या दहा मिनिटांनी पुणे महाग, झुंड संभाजीनगरला.

कारण उघड आहे. दलाल वेगवेगळ्या मशीनवर असले तरी सगळे एकच शिळा दर वाचतात आणि एकच निष्कर्ष काढतात. हे आपल्याच नशिबी आलेलं नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बर्नार्डो ह्युबरमन आणि टॅड हॉग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेमका हाच प्रश्न गणिताने मांडला होता. सगळे घटक उशिरा पोचलेल्या माहितीवर निर्णय घेत असतील, तर व्यवस्था समतोलाला न येता झोके घेत राहते, काही वेळा तर त्या झोक्यांना कसलाच नियम उरत नाही.

सहकाऱ्याचं म्हणणं पडलं, दहा मिनिटांऐवजी दहा सेकंदांनी दर पाठवू. करून पाहिलं. दाते बारीक झाले, गेले नाहीत, आणि जाळ्यावरची वर्दळ वाढली. माहिती कितीही ताजी केली तरी थोडी शिळी राहणारच.

उपाय दोन ठिकाणी केला. पहिला सर्व्हरकडे: काम हातात घेतलं की त्याच क्षणी आपला दर स्वतः वाढवायचा, लोड मोजून येण्याची वाट बघायची नाही, आणि दर दलालाला प्रत्येक उत्तरासोबत परत कळवायचा. दुसरा दलालाकडे: सर्वांत स्वस्त सर्व्हरलाच डोळे झाकून काम द्यायचं नाही. चिठ्ठी टाकायची, आणि ज्याचा दर कमी त्याच्या चिठ्ठ्या जास्त. वॉल्डस्पर्गर आणि वाइल यांनी १९९४ साली सीपीयूचा वेळ वाटण्यासाठी लॉटरी शेड्युलिंग मांडलं, तिथून हे उचललं. प्रत्येक एकटी क्वेरी कधीमधी थोडी महाग पडते. पण झुंड फुटते.

रात्री उशिरापर्यंत आलेख बघत बसलो. दाते सपाट होत गेले.

२२ ऑगस्ट

नागपूरच्या मॅडमचा फोन. त्यांनी अगदी मुळावर बोट ठेवलं: "आम्हाला खरा खर्च सांगायला काय कारण आहे? पुणे भरलेलं आहे हे दिसतंय, मग आम्ही दीडपट का सांगू नये?"

सांगू शकतात. बोलीत सर्वांत कमी आकडा जिंकतो आणि तेवढेच टोकन मिळतात, अशा पद्धतीत प्रत्येकजण समोरच्याचा अंदाज घेऊन आकडा फुगवणार. लिलाव उघडा असो नाहीतर बंद, ही खेच राहतेच. बाजार समित्यांतली जुनी हत्ता पद्धत, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची, मोडून उघड लिलाव आणायचा आग्रह होता, तो शेजारच्याला काय भाव मिळाला हे दिसावं म्हणून. आपल्याकडेही आता सगळ्या बोल्या आणि सगळे सौदे एका टेबलात उघडे आहेत, कुणीही क्वेरी करून बघावं. पण सौदा झाल्यावर. बोली लावताना एकमेकांचं दिसत नाही.

फुगवण्याचं कारणच जावं म्हणून अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांचा १९६१ सालचा नियम लावला: जिंकतो सर्वांत कमी सांगणारा, पण त्याला मिळतात दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके टोकन. आकडा फुगवला तर काम हातचं जायची भीती, मिळणारी रक्कम मात्र वाढत नाही. म्हणून खरा खर्च सांगणंच फायद्याचं. पालो आल्टोमधल्याच स्पॉन या व्यवस्थेने रिकामे संगणक वाटताना हाच नियम वापरला होता, तो शोधनिबंध १९९२ चा. (विक्री यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी मारिपोसाची सविस्तर मांडणी छापून आली. या माणसाच्या कल्पनेने आपला जॉइन कुठे चालेल ते ठरतंय, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.)

मर्यादाही लिहून ठेवतो. एकाच कामाचा एकच सौदा असेल तोवर हा नियम चोख चालतो. क्वेरीचे तीन तुकडे तीन ठिकाणी द्यायचे आणि एकाचं मोल दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर तेवढा चोख राहत नाही. मॅडमना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीन महिने चालवून बघू, मग बोलू." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

३ सप्टेंबर

रविवार-सोमवारी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आजची नोंद सविस्तर हवी.

जिल्ह्याजिल्ह्यांतून पावसाच्या डॅशबोर्डवर लोक तुटून पडले. कोणत्या मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला, धरणाच्या वरच्या अंगाला किती पडला, दर काही मिनिटांनी तेच प्रश्न. आपली बाजारपद्धत अजून समांतर चालते, म्हणजे खऱ्या क्वेरींची प्रत तिच्यावर सोडून निकाल तपासतो. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पण समांतर यंत्रणेत जे घडलं ते बैठकीत सगळ्यांसमोर मांडलं पाहिजे.

सोमवारी सकाळी सगळं नेमकं अपेक्षेप्रमाणे झालं. तिन्हीकडे लोड चढला, दर चढले, आणि वीस-वीस वर्षांच्या नोंदी पिंजणाऱ्या संशोधनाच्या क्वेरी बजेटच्या रेषेखाली बसेनात म्हणून आपोआप थांबल्या. त्यांना कुणी बंद करा म्हटलं नव्हतं, शेड्युलर नव्हता, मध्यरात्री कुणाला फोन गेला नव्हता. प्रत्येकीने दर बघितला आणि थांबली. हे बघून फार बरं वाटलं.

दुपारनंतर मात्र डॅशबोर्डचे टोकन संपत आले. दर चढलेला, प्रश्नांची संख्या वाढलेली, आठवड्याचं बजेट नेहमीच्या आठवड्याच्या हिशेबाने दिलेलं. संध्याकाळी डॅशबोर्डच्या क्वेरीच बोलीत बाद व्हायला लागल्या, आणि ज्यांच्याकडे टोकन साठलेले होते अशा एका प्रकल्पाची पीकक्षेत्राची क्वेरी आरामात धावत होती. तिला कसलीही घाई नव्हती.

दर आपलं काम चोख करत होता. मशीन कुठे भरलंय, कुठे रिकामं आहे, हे त्याने बरोबर सांगितलं. कुणाचा प्रश्न जास्त निकडीचा, हे तो सांगत नाही. तो फक्त कुणाकडे टोकन आहेत हे सांगतो. आणि कुणाकडे किती टोकन असावेत हे आपण ठरवलं होतं, तेही जुलैमध्ये, एका कोरड्या दुपारी.

५ सप्टेंबर

टोकनांच्या वाटपावर बैठक. तिन्ही केंद्रांची माणसं होती. गणपती दोन दिवसांवर, तरी सगळे पूर्ण वेळ बसले.

पहिला विषय: आणीबाणीत जास्तीचे टोकन वाटायचे का? संभाजीनगरचं म्हणणं, हो. मी आकडे मांडले. सगळ्यांनाच जास्त टोकन दिले तर मशीन तेवढीच राहतात आणि दर तेवढ्या पटीने चढतो. हाती काही येत नाही. एकट्या डॅशबोर्डला दिले तर चालतं, पण कधी आणि कुणी द्यायचे याचा निर्णय पुन्हा माणसाने त्या रात्री जागून घ्यायचा. मग बाजार कशाला?

त्यापेक्षा सरळ मार्ग निघाला: डॅशबोर्ड बाजारात नकोच. प्रत्येक केंद्र आपल्या क्षमतेचा ठरलेला हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवणार. जून ते ऑक्टोबर मोठा हिस्सा, एरवी लहान. उरलेल्या क्षमतेवर दर चालतील. बॅकअप, रेप्लिकेशन (डेटाच्या प्रती जुळत्या ठेवणं), व्हॅक्यूम (टेबलांची साफसफाई) हेही बाहेर. यांची बोली लावायची वेळ आली तर एखाद्या भरगच्च दिवशी बॅकअपच व्हायचा नाही.

दुसरा विषय साठेबाजीचा. नागपूर महिनोन्महिने इतरांची कामं करून टोकन कमावतं आणि जूनमध्ये ते सगळे एकदम बाहेर काढू शकतं. कमावलेले टोकन आपल्या संशोधकांना खर्चता यावेत हा त्यांचा हक्क, नाहीतर दुसऱ्याचं काम ते करतील कशाला? पण साठा अमर्याद वाढू दिला तर एका केंद्राला दुसऱ्याचा आख्खा आठवडा विकत घेता येईल. सदरलंड यांची पद्धत होती वापरलेलं चलन परत देऊन साठाच न होऊ देण्याची. ती एका मशीनला ठीक. आपल्याकडे दुसऱ्यासाठी काम करणाऱ्याला काहीतरी उरलं पाहिजे. म्हणून मधला मार्ग: महिनाअखेरीला उरलेल्या टोकनांपैकी निम्मे पुढे जातील, निम्मे रद्द.

तिसरा विषय सर्वांत लांबला. पीएच.डी. करणाऱ्या मुलांना किती? प्रकल्प मोठा, निधी मोठा, म्हणून टोकन जास्त, असा सूर होता. मी बोललो. ज्याच्याकडे निधी आहे त्याला बाहेर क्लाउडवर जाता येतं. एकटीने विदर्भातल्या विहिरींवर काम करणाऱ्या मुलीला आपल्या सर्व्हरशिवाय दुसरा पर्याय नाही. निधीच्या प्रमाणात वाटायचं असेल तर तसं लिहून ठेवूया आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेऊया, पण 'बाजाराने ठरवलं' असं कुणी म्हणू नये. बाजाराने काहीच ठरवलेलं नाही. शेवटी ठरलं: प्रत्येक संशोधकाला समान किमान वाटा, त्यावरचा भाग प्रकल्पानुसार. तक्ता उघडा राहील, दर तिमाहीला फेरविचार, आणि त्या बैठकीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी.

माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच, आणि आज कोडची एक ओळही लिहिलेली नाही.

१९ सप्टेंबर

विसर्जनानंतर पुन्हा कामाला. आता डेटा हलवण्याचा भाग. मारिपोसात सर्व्हर टेबलांचे तुकडे एकमेकांना विकायचे. प्रत्येक तुकड्याने किती कमाई करून दिली याचा इतिहास ठेवायचा, ज्याला मागणी आहे तो तुकडा विकत घ्यायचा, ज्याला नाही तो काढून टाकायचा. तुकडे मोठे झाले की फोडायचे, फार बारीक झाले की जोडायचे, तेही किमतीच्या दबावाखाली. हे नियम लिहायला त्यांनी रश नावाची छोटी भाषा केली होती, म्हणजे प्रत्येक केंद्र आपलं धोरण आपण लिहू शके.

आपल्याकडे पहिला उमेदवार स्पष्ट दिसतो. नागपूर विहिरींच्या टेबलावरच्या बोल्या सतत हरतंय, दर वेळी त्या १८ टोकनांमुळे. टेबलाची कॉपी घेतली तर त्या बोल्या जिंकता येतील. पण कॉपी घेतली की तिचे अपडेटही घ्यावे लागतात आणि त्याचा खर्च येतो. विहिरींच्या नोंदी वर्षातून मोजक्याच वेळा भरल्या जातात, त्यामुळे इथे कॉपी फायद्याची. पावसाच्या ताज्या नोंदींची कॉपी मात्र तोट्यात जाईल, त्या दिवसभर बदलत असतात. नियम लिहायच्या आधीच हिशेबाने हे दाखवलं, ते पटलं. नागपूरने कॉपी घेतली.

२७ सप्टेंबर

पोस्टग्रेस १७ काल बाहेर आलं. आपल्या कामाशी थेट संबंध असलेला एक बदल: परक्या सर्व्हरवरून आणलेल्या प्रत्येक ओळीचा मूळ खर्च ०.०१ होता तो ०.२ केलाय, वीसपट. आधीचा आकडा इतका कमी होता की दुसरीकडून ओळी ओढणं प्लॅनरला जवळपास फुकट वाटायचं. आपण डेटा आणण्याचा वेगळा आकार लावला होता तो याचसाठी. व्हर्जन बदलताना दोन्ही एकदम लागू झाले तर त्याच गोष्टीचे दुप्पट पैसे लागतील, म्हणून सध्या १६ वरच. हे तिन्ही केंद्रांना कळवलं.

१० ऑक्टोबर

संचालकांनी विचारलं, हे सगळं क्लाउडवाले आधीच करत नाहीत का? अर्धं करतात. ॲमेझॉनने रिकाम्या मशीनचा बदलता दर, स्पॉट, २००९ च्या डिसेंबरमध्ये आणला. २०१७ मध्ये त्यांनी तो दर संथपणे बदलणारा केला. सततच्या चढउतारावर कामाचं नियोजन करणं लोकांना जड जातं, हे आपण ऑगस्टच्या आलेखात पाहिलंच. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेत एका सेकंदात ४ केबीपर्यंतचं एक पक्कं वाचन म्हणजे एक एकक, थोडं शिळं उत्तर चालत असेल तर अर्धं. ताजेपणालाही किंमत लावायची ही कल्पना मारिपोसाच्या नेम सर्व्हरांत होती. फरक मालकीचा आहे. तिथे विकणारा एकच आणि दर तो ठरवतो. आपल्याकडे तिन्ही केंद्रं विकणारीही आहेत आणि घेणारीही.

मारिपोसातून पुढे कोहेरा नावाची कंपनी निघाली आणि २००१ मध्ये ती पीपलसॉफ्टने घेतली. बोली लावणारा डेटाबेस म्हणून ते उत्पादन घरोघरी पोचलं नाही. माझं मत असं की एका मालकाच्या कंपनीला याची गरजच नव्हती, तिथे शेड्युलरला हुकूम सोडता येतो. अनेक मालकांच्या संस्थांना ती आहे, आणि अशा संस्थांकडे हे बांधायला माणसं नसतात.

१८ ऑक्टोबर

सोमवारपासून समांतर चाचणी बंद, संशोधनाच्या सगळ्या क्वेरी खऱ्या अर्थाने बोलीवर. डॅशबोर्ड आणि बॅकअप राखीव हिश्श्यावर. छोट्या क्वेरी दरपत्रकाने, चिठ्ठी टाकून. मोठ्यांना पूर्ण बोली, पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या दराने. दर बदलण्याचा अधिकार फक्त त्या त्या केंद्राचा. पुण्याला इतरांच्या दरपत्रकावर लिहिण्याची परवानगी डेटाबेसच्या पातळीवरच काढून टाकली आहे.

नागपूरने आजच आपला पहिला नियम टाकला: रात्री १० ते सकाळी ६ निम्मा दर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरची कामं दुप्पट दराने. नियम त्यांनी स्वतः लिहिला, आम्ही फक्त वाचला.

बाकी राहिलेलं: तुकड्यांमध्ये भागणाऱ्या क्वेरींचा दर, आणि टेबलांची आपोआप खरेदी-विक्री. तोवर कॉपी द्यायची-घ्यायची ती दोन्हीकडच्या संमतीने, हातानेच. टोकन वाटपाचा पहिला फेरविचार जानेवारीत.